काचेखालची पत्रिका

राजेश्वर पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा त्याने शिवानीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने पाहिलं ते काउंटरच्या काचेकडे.

आषाढ अर्धा सरला होता. आठवडाभर ढग केज गावावर नुसते बसून होते. पडत नव्हते आणि जातही नव्हते. भर दुपारी दुकानात दिवा लावावा लागत होता आणि त्या दिवशी नेमकी लाइट गेलेली. लातूरच्या गाडीतून उतरलेला तो, खांद्याला रेक्झिनची बॅग, चपला धुळीने माखलेल्या, आत आला आणि लाइट येईपर्यंत बसतो म्हणाला. बसला, आणि समोर काचेखाली ठेवलेली पत्रिका उलटी वाचू लागला.

"मूळ नक्षत्र," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "बिचारी. कोण हाय हो ही?"

"नमुना हाय," शिवानी म्हणाली.

"नमुना म्हणजे... खरी मुलगी न्हाई?"

"हाय की. खरीच हाय."

"लग्न झालं का मग तिचं?"

"तुमाला कावून पाहिजे? स्थळ आणलंय का?"

आता मात्र त्याने मान वर केली. त्या अंधारात तिला त्याचे डोळे तेवढे दिसले, आणि ते हसत होते. शिवानीला पुष्कळ दिवसांत कुणाला हसवल्याचं आठवत नव्हतं. तिने उगाच उदबत्तीच्या पुड्यांची चळत सरळ केली.

हे दुकान रुद्रप्पांचं, म्हणजे शिवानीच्या अप्पांचं. कापूर, वाती, विभूतीच्या वड्या, बाशिंगं, पंचांगं. तीन वर्षांपूर्वी अप्पा लातूरला गेले आणि येताना टेम्पोत कॉम्प्युटर घालून आले. दुकानावर पाटी लागली: 'संगणकीय जन्मपत्रिका, पाच मिनिटांत.' आता लिंगायतांच्या घरात नक्षत्र-मुहूर्त मानू नयेत असं शरण संत आठशे वर्षांपूर्वी सांगून गेले खरे. पण लेकीचं लग्न निघालं की सगळे त्याच कागदावर वाकतात. अप्पांनी मशिनच्या कपाळाला विभूतीची तीन बोटं ओढली, नारळ फोडला, आणि पहिली पत्रिका काढायची ती घरच्या लक्ष्मीची, म्हणून शिवानीची काढली. तोवर तिची पत्रिका कुणी केलीच नव्हती. सुरेख छापून आली. अप्पांनी ती वाचली नाही, नुसती पाहिली आणि हौसेने काचेखाली सरकवली. आल्या-गेल्याला दिसावी, चार गिऱ्हाइकं वाढावीत.

गिऱ्हाइकं वाढली. पण पत्रिका अख्ख्या बाजाराने वाचली. मूळ नक्षत्राची सून सासऱ्याला भोवते, हे केजमध्ये कुणाला शिकवावं लागत नाही. चौथ्या दिवशी समोर फुलांचे हार करणाऱ्या छबुबाईने अप्पांना बाजूला घेऊन सांगितलं, तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तरी त्यांनी ती काढली नाही. आता काढली तर लपवली म्हणतील, असं त्यांचं म्हणणं. नावावर तेवढी 'नमुना' अशी चिठ्ठी डकवली. ती चिठ्ठी कुणाची हे साऱ्यांना ठाऊक होतं.

तीन वर्षांत स्थळं आली आणि गेली. कुणी रंग बघितला नाही, शिक्षण विचारलं नाही. 'मुलाचे वडील आहेत हो अजून,' एवढं म्हणून माणसं उठायची. शिवानी पंचविशी ओलांडायला आली. आणि ज्या मशिनने हे केलं ते चालवायचं काम तिचंच. रोज सकाळी त्याच्यावरची धूळ तीच पुसायची.

चहा आला. राजेश्वरने बशीत ओतून घेतला आणि कामाचं बोलायला लागला.

"तुमच्या मशिनला दोष हाय का, ते बघायला आलतो."

"ते दोन हजार साल लागलं की मशीन चुकणार म्हणतात, ते? पेपरात लई येतंय."

"ते न्हाई. हा दुसराच. आमच्या पत्रिकेच्या प्रोग्रॅमातला. गेल्या महिन्यात सोलापूरच्या एका गिऱ्हाइकानं पकडला, तोवर आमालाबी पत्ता न्हवता. आता ज्यांना ज्यांना प्रोग्रॅम दिला त्यांच्याकडं जाऊन बघायचं. काही जणांकडं जुना हाय, काहींकडं नवा. नवा असला तर दोष न्हाई."

"अन् जुना असला तर?"

"तर मी परत येणार," तो म्हणाला, आणि मग हे जरा जास्तच आनंदाने बोलून गेलो असं वाटून चहाकडे बघू लागला.

लाइट आली. मशीन घरघरत उठलं. त्याने पडद्याच्या वर ओढलेल्या विभूतीकडे पाहून नकळत कपाळाला हात लावला. "शरणार्थ," असा लिंगायती नमस्कार मशिनला केला आणि शिवानीला पुन्हा हसू आलं. म्हणजे हा आपल्यातलाच.

तपासायची रीत साधी होती. त्याने यंदाचं पंचांग मागून घेतलं, एक जून उघडलं, आणि शिवानीला म्हणाला, "घाला. एक जून, पहाटे तीन."

तिने घातलं. प्रिंटर करकरला. दोघांनी कागदावर मान वाकवली. तिच्या वेणीतल्या शेवंतीचा वास त्याला आला असावा, कारण तो एकदम मागे सरला. कागदावर एक नक्षत्र होतं आणि पंचांगात दुसरं, त्याच्या पुढचं.

"हाय," तो म्हणाला. "दोष हाय."

"कसला?"

"जन्माची वेळ आधी इंग्लंडच्या घड्याळात न्यावी लागती. साडेपाच तास मागं. आता कुणी महिन्याच्या एक तारखेला, पहाटे जन्मलं, तर तारीख मागच्या महिन्यात जाती. तो मागचा महिना तीसचा की एकतीसचा, हे बघायला पाहिजे ना? ज्यानं लिहिलं तो तेच विसरला. सगळे महिने तीसचे धरून बसला."

"म्हणजे एकतीस तारीख ह्याला ठाऊकच न्हाई."

"न्हाई. अख्खा एक दिवस मागं जातो. दिवस मागं गेला की चंद्र मागं, अन् नक्षत्र..." तो थांबला. "काय झालं?"

शिवानीची नजर काचेकडे गेली. एक नोव्हेंबर, त्र्याहत्तर. पहाटे चार. ते काचेखाली छापलेलं होतं, तीन वर्षं ती त्याच्यावर सुटे पैसे मोजत आली होती. तिने कापराचा मोठा डबा उचलला आणि काचेवर, बरोबर पत्रिकेच्या वर ठेवून दिला.

"काही न्हाई. परत कधी येणार?"

"शनिवारी. नवी फ्लॉपी घेऊन. तवर एक तारखेवाल्या पत्रिका काढू नका." दाराशी गेल्यावर तो वळला. "त्या नमुन्यातल्या मुलीला सांगा, मी बिचारी म्हणलो ते मनावर घेऊ नको म्हणावं."

"सांगते," ती म्हणाली. "मनावर घ्यायची सवय ऱ्हायली न्हाई तिला."

तो गेला.

मधले दिवस कसे गेले हे तिचं तिला माहीत. अप्पांना सांगायचं तर तोंड उघडेना. खरंच आपण मूळच्या नसू, तर तीन वर्षं कशाची भोगली? अप्पांनी हौसेने ठेवलेल्या एका कागदाची. आणि नवी फ्लॉपी लावूनही मूळच निघालं, तर उरलीसुरली आशा गेली. दोन्हीकडून मरणच. त्र्याहत्तर सालचं पंचांग कुठे मिळतं का, म्हणून तिने माळा शोधला. सापडणार कसं? रुद्रप्पांच्या दुकानात जुन्या पंचांगांची पानं फाडून कापराच्या पुड्या होतात, ही तर लहानपणापासूनची पद्धत. तिने स्वतःच बांधल्या होत्या.

त्यातच घरात गडबड होती. कडा गावचं स्थळ आलं होतं. मुलगा मन्मथ, साखर कारखान्यात नोकरीला, वयाने बराच मोठा, पण तो पाळण्यात असतानाच वडील गेलेले. मूळच्या मुलीला तेवढं एकच दार उघडं असतं, ज्या घरात सासराच नाही ते. सोमवारी माणसं सुपारी फोडायला येणार होती.

"चांगली माणसं हायेत," आई म्हणाली. शिवानीची आई बसम्मा तांदूळ निवडत होती. "तुला काही बोलणार न्हाईत."

"बोलायला कारणच न्हाई त्यांना, आई. ज्याला भोवायचं तो आधीच गेलाय."

आईचा हात ताटात थांबला. "मी तुला कधी काही बोलले का ग?"

"न्हाई," शिवानी म्हणाली. खरंच आई कधी बोलली नव्हती. पण अप्पांना साधी शिंक आली तरी तिची नजर आधी शिवानीकडे जायची, आणि ते शिवानीने कधी बोलून दाखवलं नव्हतं.

शनिवारी तो आला. ढग तसेच होते. आज त्याने चपला बाहेर झटकल्या होत्या आणि केसांना पाणी लावलं होतं. अप्पा परळीला माल आणायला गेलेले. शिवानीने दोन साड्या काढून परत ठेवल्या आणि तिसरीच नेसली होती, पण त्यात काही विशेष नाही असं तिने सकाळीच स्वतःला बजावलं होतं.

"लई उशीर केला गाडीनं?" तिने विचारलं.

"तुमी वाट बघत होता?"

"मशीन बघत होतं. सारखी कुरकूर चालली होती त्याची."

"मग मशिनलाच विचारतो, चहा देणार का म्हणून."

चहा झाला. फ्लॉपी आत गेली. नवा प्रोग्रॅम बसायला वेळ लागत होता आणि पडद्यावर ठिपके एकामागून एक सरकत होते. दोघं त्या ठिपक्यांकडे बघत बसली. मग तो कापराच्या डब्याकडे बघत म्हणाला, "हा डबा त्या दिवशी इथं न्हवता. मी आलो तेव्हा न्हवता, गेलो तेव्हा होता."

शिवानीने डब्यावर हात ठेवला.

"मी तारीख वाचली होती. उलटी वाचली, पण वाचली. तेव्हा ध्यानात न्हाई आलं, गाडीत बसल्यावर आलं. एक नोव्हेंबर... पहाटे चार." त्याचा आवाज खाली आला. "तुमीच ना?"

"मीच."

"मला वाटलंच. नमुना म्हणताना तुमी ज्या सुरात म्हणलात..." त्याने वाक्य सोडून दिलं.

पडद्यावरचे ठिपके संपले. प्रोग्रॅम तयार होता. शिवानीने कळफलक ओढून घेतला आणि आपली तारीख घातली. वेळ घातली. जन्मगाव केज घातलं. बोट एन्टरवर गेलं आणि तिथेच राहिलं. तिचे डोळे भरून आले होते आणि तिला ते त्याला दाखवायचे नव्हते.

"थांबा," तो म्हणाला. "दाबू नका. आधी मला एक सांगायचंय."

"काय?"

"माझे वडील हायेत." तो अडखळला. "दमा हाय त्यांना, अंथरुणालाच असतात... पण हायेत. हे मशीन काय सांगंल ते मला ठाऊक न्हाई. तरी विचारतोय."

बाहेर छबुबाई कुणाशी तरी हाराच्या भावावरून भांडत होती. शिवानीला ते सगळं फार लांबून ऐकू आलं. पंचवीस वर्षांत तिला कुणी काही विचारलं नव्हतं. विचारलं होतं ते कायम अप्पांना, आणि तेही तिच्याबद्दल नाही, चंद्राबद्दल. छाती इतकी भरून आली की तिला रागच आला.

"वडलांना विचारलंय का तुमच्या?"

"न्हाई अजून."

"मग कुणाच्या जिवावर बोलताय तुमी?" ती म्हणाली. "तुमी विचारणार, मी हो म्हणणार, अन् उद्या त्यांना काही झालं म्हणजे? ते त्यांच्या जिवाचं हाय. तुमच्या न्हाई."

त्याचं तोंड उतरलं. "तुमी म्हणता ते खरं हाय," तो म्हणाला. "पण मी विचारलं, ते मागं न्हाई घेणार."

तिने एन्टर दाबलं.

प्रिंटरला आज घाई नव्हती. चौकटी छापल्या, ग्रह छापले, नाव छापलं, आणि मग त्या ओळीपर्यंत आला. पूर्वाषाढा. मूळ नव्हे, त्याच्या पुढचं नक्षत्र. शिवानीने ती ओळ वाचली, पुन्हा वाचली, मग काउंटरवर डोकं टेकून रडली. राजेश्वर उठला. दुकानाच्या तोंडाशी जाऊन तिच्याकडे पाठ करून उभा राहिला, आणि आलेल्या दोन गिऱ्हाइकांना 'लाइट गेलीय, नंतर या' म्हणून त्याने परत पाठवलं. दिवा लख्ख जळत होता. गिऱ्हाइकं त्या दिव्याकडे आणि त्याच्याकडे बघत गेली.

"घरी जाऊन बाबांना सांगतो," जाताना तो म्हणाला. "सगळं. तुमी म्हणलात तेबी. गुरुवारी एसटीडी बूथवर फोन करतो."

त्या रात्री अप्पांनी नवा कागद हातात घेतला आणि या वेळी अक्षर न् अक्षर वाचला. मग त्यांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. शिवानीने त्यांचा हात धरला. तिला वाटलं होतं आपण चिडू, पण म्हाताऱ्याचा चेहरा बघून तिची सगळी चीड निघून गेली.

"कड्याला निरोप धाडा, अप्पा," ती एवढंच म्हणाली. "ते मला घेत होते ते पोराला बाप न्हाई म्हणून. तसं मला जायचं न्हाई."

अप्पांनी निरोप धाडला. काचेखालची जुनी पत्रिका काढली, नवी ठेवली, आणि यावेळी नावावर चिठ्ठी डकवली नाही. जो येईल त्याला दाखवू लागले. बघा, मशीनच चुकलं होतं, पोरगी पूर्वाषाढाची हाय. माणसं मान डोलवायची, कापूर घ्यायची आणि बाहेर पडली की हसायची. छबुबाईने तर तोंडावरच सांगितलं.

"पोरगी खपंना म्हणून रुद्रप्पानं मशीनच बदललं. बापाच्याच घरचं मशीन, पाहिजे ते छापंल की."

यावर काय बोलायचं? तीन वर्षं याच मशिनचा शब्द बाजाराने डोळे मिटून खरा धरला होता. आता ते आपली चूक सांगत होतं तर कुणी ऐकेना. वाईट बातमीला कुणी पुरावा मागत नाही, असं शिवानीच्या मनात आलं आणि तिला फार एकटं वाटलं.

गुरुवारी फोन आला नाही. बूथवाल्याकडे ती दोनदा जाऊन आली. सुटे पैसे पाहिजेत म्हणून एकदा, आणि दुसऱ्यांदा काहीच न सांगता. पुढचा गुरुवारही तसाच गेला. श्रावण लागला, ढग काही हलले नाहीत. नाही म्हणाले असतील, तिने स्वतःला समजावलं. बाप कसा हो म्हणेल? आपण त्यांच्या जागी असतो तर म्हटलं असतं का? पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तिला त्याचा तो एकच शब्द ऐकू यायचा, तरी. मग झोप लागायची नाही.

शेवटी एका दुपारी तिनेच लातूरच्या ऑफिसात फोन लावला. मशीन अडलंय म्हणून खोटं सांगितलं.

"राजेश्वर रजेवर हाय ताई," पलीकडून कुणी तरी म्हणालं. "वडील वारले त्याचे. झाले की आता दहा-बारा दिवस."

तिने फोन ठेवला. बूथवाल्याने उरलेले पैसे पुढे केले ते तिने घेतले नाहीत. दुकानात येऊन ती मशिनसमोर बसली आणि तिने आपली तारीख पुन्हा घातली. पूर्वाषाढा आलं. परत घातली. परत पूर्वाषाढा. दोष कुठे होता, का होता, कसा गेला, हे तिच्याइतकं साऱ्या केजमध्ये कुणाला समजत नव्हतं. आणि तरी तिच्या मनात एकच गोष्ट वर येत होती. त्याने विचारलं, आणि ते गेले. मशीन सुधारलं होतं, पण तीन वर्षांत जे तिच्या आत जाऊन बसलं होतं ते निघालं नव्हतं.

आईला सांगितलं तेव्हा बसम्मा आधी दाराकडे बघून आली. मग हळूच म्हणाली, "त्या घराशी बोलणं चाललंतं, हे कुणाला सांगू नको बाई."

शिवानीने मान हलवली. आईने आजही तिला बोल लावला नव्हता, आणि आज ते सगळ्यात जास्त लागलं.

तो आला तो श्रावण संपता संपता. खाली मान घालून आला, दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. बॅग तीच होती. अप्पा गल्ल्यावर होते. ते उठून उभे राहिले. शिवानी उठली नाही.

"शरणार्थ," तो म्हणाला. अप्पांनी त्याला बसवलं, पाणी दिलं. त्याने तांब्या दोन्ही हातांनी धरला.

"बाबा गेले," तो म्हणाला. "कळलं असंल."

"कळलं," शिवानी म्हणाली. "माझ्यामुळं..."

"न्हाई." तो एवढ्या चटकन म्हणाला की तिने वर पाहिलं. "तेच सांगायला आलोय. आधी ऐकून घ्या."

त्याने बॅग उघडली आणि पिवळं पडलेलं, कव्हर निघालेलं एक पंचांग काढलं. कोपरे दुमडलेले, दोरा सुटत आलेला.

"त्या शनिवारी घरी गेलो, बाबांना सगळं सांगितलं. तुमी काय म्हणलात तेबी सांगितलं, कुणाच्या जिवावर बोलताय म्हणून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणले, मशिनचं मला सांगू नको. मशीन एकदा चुकलं, दुसऱ्यांदा चुकणार न्हाई कशावरून? मठात जुनी पंचांगं असतात, त्र्याहत्तरचं घेऊन ये. स्वामींकडनं मागून आणलं. उशीला टेकून बसले, भिंग लावलं, अन् स्वतः बघितलं. हे."

त्याने पान उघडलं. बारीक अक्षरांच्या रांगा, आणि एका रांगेवर राखाडी रंगाचा एक ठसा. विभूती लावून झालेल्या अंगठ्याचा. अंगठा टेकवून ते ओळ वाचत असतील. एक तारीख, नक्षत्र पूर्वाषाढा. ठसा जरा थरथरलेला होता.

"बघितलं अन् म्हणले, पोरगी शहाणी हाय. माझ्या जिवाची काळजी माझ्या पोराच्या आधी तिनं केली. म्हणले, होकार हाय माझा, पण तू फोन करू नको, मी स्वतः जातो केजला. तिच्या बापाच्या दुकानात बसून, बाजाराला दिसंल असं सांगतो. ढग हटले की दम कमी होईल, मग जाऊ." राजेश्वरने पाण्याचा घोट घेतला. "मला दर गुरुवारी वाटायचं फोन करावा. त्यांनी करू दिला न्हाई. ढग हटलेच न्हाईत."

शिवानीने त्या ठशाकडे पाहिलं. कधी न पाहिलेल्या माणसासाठी इतकं रडू येतं हे तिला माहीत नव्हतं. तो माणूस जिवंत असताना हो म्हणाला होता. तिला भिऊन नाही, आणि नाइलाजानेही नाही. एका बापाने तिला घरात ये म्हटलं होतं, आणि तिला त्याच्या पाया पडायला मिळणार नव्हतं.

"तुमची आई?" तिने विचारलं.

त्याने खोटं सांगितलं नाही. "आई काही बोलत न्हाई. तिच्या मनात हाय ते. वरीस जाऊ दे म्हणती."

"वरीस जाईल. पण तिच्या मनातलं जाईल का?"

"ठाऊक न्हाई."

"माझ्याच मनातनं अजून गेलेलं न्हाई," शिवानी म्हणाली. "मग त्यांना मी कुठल्या तोंडानं सांगू?"

अप्पा इतका वेळ ऐकत होते. त्यांनी डोळे पुसले, उठले आणि ते पंचांग दोन्ही हातांनी उचललं. काउंटरची काच सरकवायला लागले. "हे ठेवतो इथं," ते म्हणाले. "आता बोलू दे कुणाला बोलायचं ते. मठाचं पंचांग हाय. ह्याला तरी खोटं म्हणतील का?"

"न्हाई अप्पा."

"अगं, पण..."

"हे नमुन्याला न्हाई लावायचं." तिने त्यांच्या हातातून ते हळूच काढून घेतलं. "ते बाजारासाठी न्हाई. ते माझ्यासाठी धाडलंय त्यांनी."

मग तिने काचेखालची आपली नवी पत्रिकाही बाहेर ओढली, घडी केली आणि पंचांगात ठेवून दिली. तीन वर्षांत पहिल्यांदाच ती काच रिकामी झाली. खाली जुनं लाकूड होतं, आणि कागदाच्या आकाराची एक उजळ जागा. अप्पा तिच्याकडे बघत राहिले, मग आत चहा सांगायला गेले. चहा सांगायला आत जायची काही गरज नव्हती. हॉटेल बाहेर होतं.

राजेश्वर निघायला उठला. लातूरची गाडी लागली होती. दाराशी थांबून तो म्हणाला, "मग... वरसानं येऊ?"

बाहेर तेच ढग होते. छबुबाई हार ओवायचं थांबवून इकडेच बघत होती, आणि संध्याकाळपर्यंत ती काय काय सांगणार हे शिवानीला पाठ होतं. पुढचं वर्ष सोपं जाणार नव्हतं. त्या घरातला उंबरठाही सोपा नसणार होता.

"वरसानं न्हाई," ती म्हणाली. "महिन्याला येत जा. मशीन तपासायला."

"मशीन तर दुरुस्त झालंय. आता दोष न्हाई त्याच्यात."

"तरी," शिवानी म्हणाली.

तो दारातच उभा राहिला, आणि त्याची गाडी गेली.